प्रभूची इच्छा असली तर सांगली

तमाम प्रवासी जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे की, पाटणच्या वरच्या डोंगरातून पहाटे सुटणारी मुक्कामी गाडी सांगलीला पोचेलच, असे आश्वासन देण्याचा अधिकार कंडक्टरला नाही, ड्रायव्हरला नाही आणि खुद्द डेपो मॅनेजरलाही नाही. तो अधिकार फार वरच्या ऑफिसात आहे. तिथे तक्रार नोंदवून घेत नाहीत. तरी प्रवाशांनी धीर धरावा आणि आपापल्या कोंबड्या सांभाळाव्यात.

ही घोषणा कुठल्याही स्टँडवर कधी झाली नाही. ती मी रोज मनातल्या मनात करायचो, कारण त्या लाल गाडीचा कंडक्टर मी होतो. आणि ती करायची पाळी माझ्यावर आणली होती आमच्या ड्रायव्हरसाहेबांनी.

मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावाला चढून तिथेच निजणारी आणि पहाटे तिथूनच परत निघणारी. पहाटे गाडी भरली की मी घंटीची दोरी दोनदा ओढायचो. टण टण. म्हणजे चला. साहेब मात्र चालायचे नाहीत. इंजिन धडधडतंय, दिवे लागलेत, आणि हा माणूस दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून, तळवे वर करून मांडीवर ठेवायचा. डोळे मिटायचा. मग शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "प्रभूची इच्छा असली तर सांगली."

आता तुम्हीच बघा. समोर उतार, डाव्या हाताला दरी, आणि ज्याच्या हाती आपला जीव त्याने हात सोडून डोळे मिटलेत. वर सांगतोय की पोचण्याचं काही नक्की नाही. नवखा माणूस पार गळाठून जायचा. एकदा एक सरकारी साहेब कोट सावरत उठले आणि मला म्हणाले, मी आपला चालत येतो. मी म्हटलं, साहेब, चालत गेलात तरी ऑफिस तेच आहे. ते पुन्हा बसले, पण पाटणपर्यंत त्यांनी पुढच्या बाकाची दांडी सोडली नाही.

साहेब ख्रिस्ती होते, आजोबांपासूनचे. भेटले की नमस्काराऐवजी 'सलाम' म्हणायचे, मला 'सलाम, मास्तर', कारण आमच्या धंद्यात कंडक्टरला मास्तरच म्हणतात. रविवारी सुट्टी मिळाली तर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून चर्चमध्ये उपासनेला जायचे, त्यालाही ते देऊळच म्हणायचे. बाकी भाकरी आमच्यासारखीच, ठेचा आमच्यापेक्षा जहाल, आणि बोली अशी अस्सल की बैलसुद्धा वळून बघावा. अंगाने रुंद, मिशा पिकलेल्या, चेहऱ्यावर कायम अशी शांतता की एखाद्याला राग यावा. मला यायचा.

कारण त्या खोऱ्यात त्या दिवसांत कुणीच शांत नव्हतं. मोठा भूकंप होऊन काही वर्षं गेली होती, पण जमिनीला अजून झोप लागत नव्हती. मधूनच खालून गुरगुर यायची, मांडणीवरची भांडी आपसांत कुजबुजायची, आणि माणसं हातातलं टाकून अंगणात. दाराला कडी लावून निजायला लोक भ्यायचे. त्यातून कुणीतरी धरणाचं नाव काढायचं, मग तर नदीकाठचं गाव डोळे मिटायचंच नाही. आमच्या गाडीचं एक बरं होतं. ती उभी असतानाच इतकी थरथरायची की, भूकंप झाल्याचं आम्हाला सगळ्यांत शेवटी कळायचं. तर असल्या मुलखात, जिथे पायाखालच्या जमिनीचा भरवसा नाही, तिथे रोज पहाटे एक माणूस सगळ्यांच्या पोटातली भीती मोठ्याने बोलून दाखवायचा. लोकांना ती घोषणा वाटायचीच नाही. धमकी वाटायची.

उत्तर द्यायची हिंमत फक्त एकीची होती. तिचं नाव हौसाक्का. वरच्या गावचीच, काटक्यांसारखी वाळलेली म्हातारी. कोंबड्यांची पाटी घेऊन ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या बाकावर बसायची. तो बाक तिचाच, यात कुणाचं दुमत नव्हतं. साहेबांनी डोळे मिटून आपलं वाक्य म्हटलं की ती मागून विचारायची, "आनि नसली तर?"

"नसली तर जितं ठेवील तितं, आक्का."

"मला कऱ्हाडच्या बाजारात ठेव म्हनावं. मदी ठेवू नगं, कोंबड्या मरत्यात."

मग साहेब हात पुन्हा चाकावर ठेवायचे आणि गाडी हलायची. वर्षानुवर्षं हे असंच. देवळातली आरती चुकेल, पण हा संवाद चुकायचा नाही.

डेपोत तर त्यांच्यापायी डोकी फुटायची वेळ यायची. कंट्रोलर विचारायचा, उद्या ड्युटीवर आहात ना? साहेब म्हणायचे, प्रभूची इच्छा असली तर. कंट्रोलर तापट होता. एकदा त्याने टेबलावर हात आपटून सांगितलं की, ड्युट्या मी लावतो, तुमचा प्रभू नाही लावत. साहेब अगदी मान्य असल्यासारखी मान हलवून म्हणाले, "लावता तुमीच, साहेब. त्यात वाद न्हाई." दुसऱ्या दिवशी साहेब वेळेवर हजर होते आणि कंट्रोलर गालफुगी होऊन घरी पडला होता. मी ही गोष्ट डेपोभर रंगवून सांगितली. साहेबांना मात्र ती आवडली नाही. आजारी माणसावर हसू नये म्हणाले, आणि संध्याकाळी त्याच्या घरी पपई देऊन आले.

एकदा नवरदेव गाडीत. मुंडावळ्या, शालू, करवल्या, ताशेवाला, सगळं वऱ्हाड. नवरदेवाच्या बापाने आधीच येऊन बजावलं की, आज शुभ दिवस आहे, ते तुमचं असली-नसली काढू नका, सरळ म्हणा पोचणारच. साहेबांनी त्याच्याकडे फार मायेने पाहिलं आणि म्हणाले, "पाव्हनं, पोचनारच म्हननारं डायवर मी लय बघितल्यात. डेपोत त्यांचं फोटू हायती. हार घातलेलं." बाप गपकन खाली बसला. आणि मंडळी, त्या दिवशी टपावरचा ताशेवाला आख्खा उतार संपेपर्यंत ताशा न वाजवता दोन्ही हातांनी टपाचा कठडा धरून होता.

आता मला सांगा, असा माणूस तुम्ही काय समजाल? मी समजायचो की याला भीती नावाची गोष्ट दिलेलीच नाही. बाकीच्या जगाला जी वाटायची, ती वाटून संपली आणि याच्या वाट्याला उरलीच नाही.

मग पाळणा आला.

साहेबांना एकच मुलगी. सांगलीत दिली होती, जावई शाळामास्तर. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले, आणि साहेबांनी रहिमतपूरच्या एका सुताराकडून शिसवी पाळणा करून घेतला. तो कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत आमच्याच गाडीच्या टपावरून आला. मधल्या प्रत्येक स्टँडवर साहेब खाली उतरून दोरखंड नीट आहेत ना ते बघायचे. स्टेपनीकडे त्यांनी कधी असं लक्ष दिलं नव्हतं. चहाच्या टपरीवर, डेपोच्या दारात, कुणी विचारो न विचारो, सांगायचे, "नाताळच्या आधी नातू येनार. नाताळला त्याला देवळात घिऊन जानार. पुढच्या सालापासनं गाडीत माझ्या मांडीवर बसनार."

माझे कान टवकारले. मी म्हटलं, साहेब, एवढी मोठी गाडी सोडलीत, आणि घंटी? इच्छा असली तर म्हणायचं राहिलं की.

ते हसले नाहीत. काच पुसायचं फडकं घेऊन स्वच्छ काच पुन्हा पुसत राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की, या माणसाच्या घरात एक खोली अशी आहे, जिची किल्ली याने त्या वरच्या ऑफिसात दिलेली नाही.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. त्या काळात फोन कुठे होते? निरोप ड्रायव्हर न्यायचे. समोरून येणाऱ्या गाडीला काही सांगायचं असलं की दिवे दोनदा उघडझाप करायचे आणि खिडकीतून हात बाहेर काढायचा. दोन्ही गाड्या खिडकीला खिडकी लावून थांबायच्या. कुणाची सासू वारली, कुणाची बदली झाली, सगळं असंच, सांगलीतून निघून खिडकी-खिडकीने डोंगरापर्यंत चढायचं. आमच्या प्रत्येकाच्या घरचं बरंवाईट त्या दोन दिव्यांतूनच आलेलं होतं.

तो निरोप मात्र पायी आला. वरच्या गावातल्या एकाची पाटणला आमची गाडी चुकली होती. तो रान तुडवत दिवेलागणीला वर पोचला. तोवर आम्ही देवळाच्या ओट्यावर चूल मांडली होती. त्याने सांगितलं की, सांगलीहून गाड्यागाड्यांतून निरोप आलाय. साहेबांच्या लेकीला दवाखान्यात नेलंय, वेळेआधीच दुखायला लागलंय, मूल आडवं आहे. सकाळी पोट उघडणार. दोघांपैकी कोण राहील ते डॉक्टर सांगू शकत नाहीत.

साहेबांनी उठून डोंगराच्या उताराकडे पाहिलं. अंधार पडत होता. त्या गावातून खाली जाणारी पहिली गाडी पहाटेची. म्हणजे आमचीच. लेकीकडे नेणारी गाडी त्यांना स्वतःच चालवायची होती, आणि ती आत्ता चालवता येत नव्हती, कारण आमच्या त्या गाडीचा एक दिवा बंद होता आणि धुकं चढत होतं. त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि भाकरी तव्यावर तशीच राहू दिली.

पहाटे गाडी भरली. निरोप गावभर झाला होता. हौसाक्का आपल्या बाकावर होती. त्या दिवशी तिला बाजार नव्हता, इस्लामपूरला लेकीकडे जायचं होतं. कोंबड्या होत्याच. मी दोरी ओढली. टण टण.

साहेबांचे हात चाकावरून उठले नाहीत.

मी वाट बघितली. गाडीने वाट बघितली. हौसाक्काने आपलं "आनि नसली तर" तोंडात तयार धरलेलं मला दिसत होतं. ओठ उघडे, आणि ते बाहेर काढायला पुढचं वाक्यच नाही. साहेबांनी गिअर टाकला आणि गाडी निघाली.

वाचकहो, ज्या वाक्याला आम्ही इतकी वर्षं भ्यालो, ते त्या दिवशी उच्चारलं गेलं नाही, आणि गाडीतल्या एकूण एक माणसाच्या अंगावर काटा आला. कुणीतरी मागून दबक्या आवाजात म्हणालं, म्हटलं न्हाई रं. दुसरा म्हणाला, व्हय, न्हाई म्हटलं. आणि गाडी उताराला लागली.

साहेब गाडी नेहमी अशी उतरवायचे की मांडीवरच्या पोराला खाली ठेवतायत असं वाटावं. त्या दिवशी वळणावर मागची चाकं खडीवरून सरकली. दरीतलं धुकं एकदम खिडकीत आलं. कोंबड्या ओरडल्या, बायांनी पोरं छातीशी धरली, एक म्हातारा तुळजाभवानी, जोतिबा, खंडोबा अशा सगळ्यांना एका दमात हाका मारू लागला. मी दोरी एकदा ओढली. एक टण म्हणजे थांबा. गाडी थांबली नाही. पुढच्या फाट्यावर माणसं हात करून उभी होती, ती तशीच मागे राहिली. असं कधीच झालं नव्हतं.

दांड्या धरत धरत मी पुढे गेलो आणि त्यांच्या शेजारी इंजिनच्या पेटीवर बसलो. त्यांनी चाक दोन्ही मुठींत आवळून धरलं होतं. मी कानाशी जाऊन म्हटलं, "साहेब, आज म्हटलं नाहीत."

"बोलू नका, मास्तर."

"लोक घाबरलेत. नुसतं म्हणून टाका."

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "म्हटलं, आनि त्यानं मनावर घेतलं तर?" म्हणाले. "त्याची इच्छा काय हाय, मला ठाव न्हाई. माजी काय हाय, ती ठाव हाय. मी न्हाई परवानगी देनार."

इतकी वर्षं मी समजत होतो की हा माणूस ते वाक्य सवयीने म्हणतो, जसा मी 'पुढे सरका' म्हणायचो. तो खरंच म्हणत होता. आपल्या नावावरचं काहीतरी रोज पहाटे दुसऱ्याच्या हवाली करत होता. आणि आज जे द्यायचं होतं ते त्याच्या मुठीतून सुटत नव्हतं.

पाटण गेलं, कऱ्हाड गेलं. सपाट रस्ता लागला तशी गाडीतल्यांची भीती जरा उतरली, पण साहेबांची चढत चालली. कारण आता सांगलीकडून गाड्या येऊ लागल्या होत्या. लांबवर लाल ठिपका दिसला की साहेब स्टिअरिंगवर वाकायचे. तो मोठा व्हायचा, जवळ यायचा, आणि ते समोर बघायचंच टाळायचे, डाव्या बाजूच्या उसाकडे बघायचे. दिवे लागतायत का, हात बाहेर येतोय का, हे बघायचं काम माझ्या डोळ्यांवर पडलं. एक गाडी गेली, नुसती गेली. दुसरी गेली. प्रत्येक वेळी मी श्वास सोडायचो, आणि मागे हौसाक्का सोडायची, तो मला ऐकू यायचा.

इस्लामपूरच्या अलीकडे समोरून आलेल्या गाडीने दिवे मारले. दोनदा. खिडकीतून हात बाहेर.

साहेबांनी गाडी आणखी पळवली. तो हात आमच्या खिडकीजवळून फडकन मागे गेला. मी जीव खाऊन दोरी ओढली, एकदा, आणि हौसाक्काने मागून हाक मारली, "थांबवा, बाबा. आज ना उद्या ऐकायचंच हाय." गाडी थांबली. आरशात दिसत होतं की ती गाडीही थांबलीय आणि तिचा ड्रायव्हर उतरून आमच्याकडे चालत येतोय. सावकाश येत होता. वाईट बातमी सांगणारा माणूस जसा येतो, अगदी तसा. पाठीमागे हात. गाडीत कोंबडीसुद्धा हलली नाही.

तो खिडकीपाशी आला. पाठीमागचा हात पुढे आणला. हातात जेवणाचा डबा होता.

"सांगलीच्या खोलीत डबा इसरून गेलता की," तो म्हणाला. "कालवनाचा वास मारायला लागलाय म्हनून घासून आनलाय. आनि हाक मारली तर थांबत न्हाई गड्या, एवढं काय झालं?"

साहेबांनी विचारलं, "एवढंच?"

"एवढंच. आनि काय?" तो आदल्या दिवशी सुट्टीवर होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. आमचे चेहरे बघून तो जरा बावरला, आणि डबा पुढे करून उभा राहिला.

डबा घ्यायला साहेबांनी हात उचलले. पहाटेपासून पहिल्यांदा. दोन्ही हातांनी तो घेतला, जसा देवळात प्रसाद घेतात, आणि मांडीवर ठेवला. आणि मग ते हात परत चाकाकडे गेलेच नाहीत. डबा एका बाजूला कलला, आणि हात तिथेच मांडीवर उघडे पडून राहिले. तळवे वर.

तो ड्रायव्हर केव्हा निघून गेला, मला कळलं नाही. साहेबांनी डोळे मिटले. नेहमीचा आवाज नव्हता. फक्त मी आणि हौसाक्का, आम्हालाच ऐकू आला असेल.

"प्रभू, तुजी इच्छा असली तर," ते म्हणाले. आणि पुढे 'सांगली' म्हणालेच नाहीत.

मी हौसाक्काकडे बघितलं. आता तिची पाळी होती. इतकी वर्षं एकदाही न चुकलेली. ती ताठ बसली होती, आणि तिने पदर तोंडात कोंबून धरला होता.

त्यानंतर गाडी पुन्हा मांडीवरच्या पोरासारखी चालली. इस्लामपूर आलं, तिची लेक स्टँडवर उभी होती. हौसाक्काने खिडकीतूनच तिला सांगितलं की मी सांगलीला जाऊन येते, तू घरी जा. मीही तिला तिकिटाचं विचारलं नाही. सांगलीत ती कोंबड्यांची पाटी डोक्यावर घेऊन आमच्या मागून दवाखान्यापर्यंत आली. फाटकावरच्या माणसाने कोंबड्या आत न्यायच्या नाहीत म्हणून अडवलं. तिने पाटी त्याच्याच हातात दिली आणि पुढे गेली. तो नंतर किती वेळ ती पाटी धरून उभा होता, देव जाणे.

लेक वाचली होती. मूल वाचलं नव्हतं.

सकाळपर्यंत थांबलेच नव्हते डॉक्टर. आदल्या रात्रीच सगळं उरकलं होतं. आम्ही डोंगरावर चूल पेटवत होतो त्यानंतर थोड्याच वेळात. म्हणजे त्या उतारावर, त्या उसातल्या रस्त्यावर, साहेब जी परवानगी मुठीत आवळून बसले होते, तिची गरज केव्हाच संपली होती. गाडी वाऱ्यासारखी पळवली असती तरी आणि बैलगाडीने आलो असतो तरी, सारखंच. मला त्या प्रभूचा असा संताप आला की सांगता सोय नाही. व्हरांड्यात साहेबांपाशी बसलो होतो, आणि जिभेवर आवर राहिला नाही. म्हटलं, साहेब, राग नका मानू, पण तुमच्या प्रभूचं हे वागणं मला पटलं नाही.

"मलाबी न्हाई पटलं, मास्तर," ते म्हणाले. "सांगितलंय मी त्याला. लय बोललो. ऐकून घेतो त्यो."

मग उठले आणि लेकीपाशी जाऊन बसले. दारातून मला दिसत होतं. तिचा हात त्यांनी धरला नव्हता. आपला उघडा तळवा तिच्या उशाशी ठेवला होता, आणि तिने आपण होऊन त्यावर हात ठेवला होता.

वाक्य परत आलं. थोड्या दिवसांच्या रजेनंतर पहिल्याच पहाटे. पण आता त्याच्या आधी एक थांबा असायचा. डोळे मिटले की लगेच आवाज यायचा नाही. एखाद्याच्या दारात उभं राहून आत माणूस आहे ना, याची खात्री करावी तसा तो थांबा. गाडीतले लोक तेवढा वेळ गप्प राहायला शिकले. हौसाक्कानेही आपलं "आनि नसली तर" परत सुरू केलं, पण विचारायची ती आता भांडायला नव्हे. तिलाच उत्तर हवं असल्यासारखं विचारायची.

पाळणा डेपोच्या एका खोलीत गोणपाट गुंडाळून पडला होता. पुढच्या उन्हाळ्यात हौसाक्काच्या नातसुनेला मुलगी झाली. एका संध्याकाळी आम्ही वरच्या गावात पोचलो, तेव्हा साहेबांनी टपावर चढून दोरखंड सोडले आणि तो शिसवी पाळणा स्वतःच्या पाठीवर तिच्या घरी नेला. तिच्या आढ्याला बांधला. जमीन हलली तर पाळणा आपला आपण हलेल, पोर रडायची नाही, असं काहीतरी बोलून तिला हसवलं. म्हातारी हसता हसता आत निघून गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

असा तो माणूस. निवृत्त व्हायचा होता, त्यानंतर काय करणार म्हणून मी विचारायचो, आणि काय उत्तर मिळायचं ते तुम्हाला आता पाठ असेल.

एका नाताळला ते साताऱ्याला भावाकडे गेले. बदली म्हणून नवा ड्रायव्हर आला. तरणाबांड, केस मागे वळवलेले, गाडी चालवायला तरबेज. त्याच्याबरोबर सांगलीहून परत येताना कऱ्हाडच्या अलीकडे समोरच्या गाडीने दिवे मारले. दोनदा. हात बाहेर. मला आतून हसूच आलं, म्हटलं, कुणाचा डबा राहिला असेल. खिडकीला खिडकी लागली, आणि समोरच्याने टोपी काढली. साहेब सकाळी उपासनेहून आले, अंगणात खुर्चीवर बसले, आणि उठले नाहीत. हात कसे होते म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, ते काय कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वरच्या गावात गाडी नेहमीसारखी भरली. थंडी अशी होती की श्वासाची वाफ दिसावी. बातमी सगळ्यांना लागली होती. हौसाक्का आपल्या बाकावर होती. मी दोरी ओढली. टण टण. आणि सवयीने थांबलो. आख्खी गाडी वाट बघत राहिली. सगळ्यांची नजर ड्रायव्हरच्या हातांवर.

तो पोरगा काही वाईट नव्हता. त्याने दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं, मान वळवून हसून आम्हाला सांगितलं, "चला, सांगली. काळजीच करू नका, वेळेत पोचवतो," आणि गिअर टाकला. गाडी उताराकडे निघाली. चाकांखाली खडी वाजू लागली. तेवढ्यात हौसाक्का पाटी बाजूला सारून उभी राहिली, माझ्याकडे वळली, आणि आख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या तोंडून निघून गेलं,

"आवं कंडक्टर, ह्यो कुनाच्या इच्छेनं चाललाय?"